पंचविशीचं परमिट

तळवलीतला एकवीस वर्षांचा मुलगा कायद्यानुसार बिअर पिऊ शकतो, व्हिस्की नाही. कडक दारूसाठी पंचवीस पूर्ण व्हावी लागतात. तोवर त्याने मतदान केलेलं असतं, गाडीचं लायसन्स काढलेलं असतं, कदाचित लग्नही झालेलं असतं. म्हणून ‘वय कमी करा’ ही मागणी अधूनमधून होते. 2011 मध्ये अभिनेता इम्रान खान पंचविशीच्या अटीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. पण या वादात एक गोष्ट राहून जाते. महाराष्ट्रात पिण्याचा हक्क पन्नाशीच्या माणसालाही नाही. त्याला मिळते ती फक्त परवानगी.

तिचा इतिहास तळवलीच्या जवळचाच आहे. ठाणे-कुलाबा पट्ट्यात ताडी आणि मोहाची दारू पूर्वापार चालत आलेली. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर इंग्रज सरकारने गावोगावच्या भट्ट्यांवर टाच आणली आणि दारू गाळणं मोजक्या कारखान्यांत नेलं. आजच्या नवी मुंबईला लागून असलेलं उरण त्यातलं मोठं केंद्र. 1892 चा मोह कायदा तर खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. परवान्याशिवाय मोहाची फुलं बाळगणंही गुन्हा झालं. सरकारला चिंता होती महसुलाची.

साहजिकच दारूविरोध हा सरकारविरोधही झाला. 1880 मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या वाढत्या दारू दुकानांवर नगरपालिकेत हरकत घेतली. 1908 मध्ये टिळकांच्या अनुयायांनी दुकानांसमोर निदर्शनं केली. स्वातंत्र्य आल्यावर दारूबंदी येणार हे जवळपास ठरलेलंच होतं. तरी नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत दोन वेगळे आवाज उठले. कोल्हापूरचे बा. ह. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू मांडली, तर जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या धार्मिक रिवाजांची. दारूबंदीचं मार्गदर्शक तत्त्व मात्र मंजूर झालं. आज ते अनुच्छेद 47 मध्ये आहे.

1949 चा मुंबई दारूबंदी कायदा एप्रिल 1950 पासून राज्यभर लागू झाला. हातभट्ट्या वाढल्या, आणि वरदराजन मुदलियारसारख्यांची साम्राज्यं त्यावर उभी राहिली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. त्याला परमिटची खिडकी ठेवली गेली. परमिट आजही आहे: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचं पाच रुपयांत, आयुष्यभराचं हजारात. बारच्या पाटीवरचा ‘परमिट रूम’ हा शब्द तिथूनच आलेला. वयाची अट म्हणजे हे परमिट कुणाला द्यायचं याची अट.

आता सांगा, तुमच्या ओळखीत कितीजणांनी परमिट काढलंय? नियम सगळेच मोडत असले की दुकानदार परमिट विचारत नाही, आणि परमिट न विचारणारा वयही विचारत नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी त्याला पबमध्ये दारू मिळाली होती. कागदावरची पंचविशी तिथे काही कामाची ठरली नाही.

अमेरिकेत 1970 च्या दशकात अनेक राज्यांनी हे वय अठरावर आणलं. रस्त्यावरचे मृत्यू पाहून 1984 मध्ये केंद्राने रस्तेनिधी रोखण्याची धमकी देऊन ते पुन्हा एकवीस करायला लावलं. त्यानंतर तरुण चालकांचे मृत्यू घटले. म्हणजे वयाच्या अटीला अर्थ आहे, पण तिथे काउंटरवर ओळखपत्र खरोखर मागतात.

म्हणून अठराची मागणी मला पटत नाही आणि पंचविशीचा हट्टही पटत नाही. सगळ्या दारूसाठी एकवीस ही एकच अट ठेवावी, परमिटचं नाटक बंद करावं आणि ओळखपत्र न पाहता विकणाऱ्याचा परवाना खरोखर जावा. पंचवीस वर्षांच्या माणसाला पाच रुपयांच्या चिठ्ठीवाचून गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याला सतरा वर्षांच्या पोराला अडवता आलेलं नाही.