जुन्या विनोदी चित्रपटाकडे दिग्दर्शकाने परतावे काय?

चांदवडला बोलावयाचे म्हणजे रंगमहालाचा उल्लेख टाळून चालत नाही. होळकरशाहीतील ह्या वाड्याचे लाकडी कोरीव काम आणि भिंतींवरील चित्रे पाहणाऱ्याच्या मनात एक व्यावहारिक प्रश्न हटकून येतो: अशा वास्तूची दुरुस्ती करावी कशी? जाणता गवंडी सांगेल की, चुन्यात बांधलेल्या भिंतीस चुनाच लावावा. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला तर वरून ती नवी दिसते, परंतु आतली ओल कोंडते आणि भिंत भुसभुशीत होत जाते. अधिक जागा हवी असेल तर शेजारी नवे दालन बांधावे. जुन्या भिंतीवर मजला चढवू नये.

आज जो प्रश्न आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत तो चित्रपटाचा आहे. पण त्याचे स्वरूप असेच आहे. एखाद्या दिग्दर्शकाने उमेदीच्या काळात एक विनोदी चित्रपट केला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यातील संवाद घरोघरी मुखोद्गत झाले. पुढे वीस-तीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने त्या चित्रपटाकडे परतावे काय?

कोणी म्हणेल, यात विचार करण्यासारखे काय आहे? आपल्या रंगभूमीला परतणे नवे नाही. हे खरेच आहे. तमाशातील सोंगाड्या रोज रात्री त्याच वगात उभा राहतो. पण आजच्या गावची बतावणी कालच्या गावची नसते. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ साली रंगभूमीवर आले. त्यात दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवर नवी कोटी करीत. म्हणूनच तेच लोकनाट्य पुन्हा पाहणारे प्रेक्षक निघत. ‘चार्लीज आंट’ ह्या १८९२ सालच्या इंग्रजी प्रहसनावरून आचार्य अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ रचली. पुढे १९८०च्या दशकात विजय चव्हाणांनी ती पुन्हा उभी केली आणि नव्या पिढीला ती आपलीच मावशी वाटली. नाटकाची संहिता तीच राहते. परंतु हसू त्या रात्रीच्या नटाचे आणि त्या रात्रीच्या प्रेक्षकांचे असते.

चित्रपटाचे तसे नाही. तेथे नटाची नजर, संवादामधला क्षणभराचा थांबा, पडद्यामागच्या बाईचा खोकलासुद्धा एकदा मुद्रित झाला की कायमचा झाला. प्रेक्षक तो चित्रपट दहा वेळा पाहतो तेव्हा त्याला नवे काही नको असते; अमक्या ठिकाणी अमुक होणार, हे ठाऊक असण्यातच त्याचा आनंद असतो. सोंगाड्याला परतता येते याचे कारण त्याचा कालचा विनोद हवेत विरून गेलेला असतो. दिग्दर्शकाचा कालचा विनोद मात्र विरत नाही. तो आजच्या विनोदाशेजारी उभा राहून त्याची उंची मोजीत असतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १९८८ साली प्रदर्शित झालेला, सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘अशी ही बनवाबनवी’ ज्याने पाहिला नाही असा मराठी माणूस विरळा. हा चित्रपट स्वतःच एक परतणे आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ नावाचा हिंदी चित्रपट केला होता. जागा मिळावी म्हणून काही तरुणांनी बायकांचा वेष घ्यावयाचा, हे मूळ बीज तेथले. आज त्या चित्रपटाची आठवण फार थोड्यांना आहे. त्याच बीजावर वाढलेला मराठी चित्रपट मात्र सर्वतोमुखी झाला.

असे का व्हावे? लेखन वसंत सबनीसांचे होते. तेच ‘विच्छा’चे लेखक आणि तेच १९७१च्या ‘सोंगाड्या’चेही. त्यांनी हिंदीतला विनोद उचलून मराठीत बसविला नाही. त्यांनी त्यातली अडचण उचलली. नोकरीच्या वा शिक्षणाच्या निमित्ताने शहरात आलेला मुलगा, जोडप्याशिवाय कोणास जागा न देणारी मालकीण, एकाच्या खोलीत चौघांनी राहणे: ही पुण्या-मुंबईची रोजची हकीकत होती. त्या अडचणीत त्यांनी मराठी माणसे घातली. विश्वास सरपोतदार आणि लीलाबाई काळभोर ही नावे ऐकली तरी घर, जिना, गच्ची डोळ्यांपुढे येते. पुढे तेलुगू आणि कन्नड भाषांतही ह्या कथेवर चित्रपट निघाले. तेव्हा एखाद्या कथेकडे पुन्हा जाणे निषिद्ध आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

पण दुसऱ्याच्या कथेकडे जाणे निराळे आणि स्वतःच्या यशाकडे परतणे निराळे. महेश कोठारे यांनी १९९३ साली ‘झपाटलेला’ काढला. बाहुलीत शिरलेल्या खुन्याची कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ ह्या अमेरिकन भयपटात आली होती. कोठारे यांच्या चित्रपटात रामदास पाध्ये यांच्या बाहुलीतून तात्या विंचू साकार झाला. परंतु चित्रपटाचे खरे मर्म निराळेच होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा भित्रा कलावंत. बाहुलीला बोलविणे हा ज्याचा धंदा, त्याच्यासमोर बाहुली आपण होऊन बोलू लागते, आणि त्याचे म्हणणे कोणी खरे मानीत नाही! भय आणि हसू तेथे एकाच गाठीत बांधलेले आहेत. २०१३ साली कोठारे यांनी दुसरा भाग आणला. तो त्रिमितीत होता आणि नायक लक्ष्याचा मुलगा होता. बाहुली परत आली, कारण बाहुलीस वय नसते. बेर्डे मात्र २००४ सालीच गेले होते. तंत्र वाढले, पण ती गाठ बांधणारा माणूस समोर नव्हता.

सचिन यांनीही २००४च्या ‘नवरा माझा नवसाचा’कडे २०२४ साली परतणे केले. पहिल्या चित्रपटात एस.टी.ने गणपतीपुळ्याचा प्रवास होता आणि अशोक सराफ वाहक होते. दुसऱ्यात कोकण रेल्वे आली आणि तेच सराफ तिकीट तपासनीस झाले. वाहन बदलले, गाठ किती बदलली, हे ज्याने त्याने दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून ठरवावे.

बाहेरच्या जगात ह्या प्रश्नाची दोन बोलकी उदाहरणे आहेत. फ्रँक काप्रा ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने १९३३ साली ‘लेडी फॉर ए डे’ हा चित्रपट केला आणि १९६१ साली तीच कथा ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’ ह्या नावाने, रंगांत आणि मोठ्या नटांसह पुन्हा केली. तो त्याचा अखेरचा कथाचित्रपट ठरला. उलट जपानच्या यासुजिरो ओझूने १९३२ साली एक मूक विनोदी चित्रपट केला: वडील साहेबापुढे लाचार होतात हे पाहून दोन मुले जेवण सोडतात. १९५९ साली त्याच धाग्यावर त्याने ‘ओहायो’ काढला. तेथे मुले रुसतात ती दूरचित्रवाणीच्या संचासाठी, आणि जेवण सोडण्याऐवजी बोलणे सोडतात. काप्रा कथेकडे परतला. ओझू मुलांच्या हट्टाकडे परतला आणि सत्तावीस वर्षांत घर कसे बदलले ते त्याने त्यातून दाखविले. आमच्या मते परतण्याचा खरा मार्ग हाच.

इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. येथून आग्रा रस्त्याने उत्तरेस गेले की मालेगाव लागते. यंत्रमागांच्या त्या गावात शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगार चित्रपटगृहाकडे वळतात. तेथील नासिर शेख यांनी २००० साली मित्रांना घेऊन तुटपुंज्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन केले. त्यातील दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. मूळचे दारिद्र्य हाच तेथे विनोद झाला. आता विपुल पैसा ओतून ते विडंबन पुन्हा केले, दरोडेखोरांना खरे घोडे दिले, तर हसावयाचे कशाला? रीमा कागती यांचा २०२५ साली प्रदर्शित झालेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ त्या विनोदाची नक्कल करीत बसला नाही. त्यांनी तो विनोद करणाऱ्या मित्रांची गोष्ट सांगितली. त्या मंडळींतील शफीक शेख हे ‘मालेगाव का सुपरमॅन’चे नायक, ते कर्करोगाने गेले. त्या गोष्टीत हसू आहे आणि हसविणाऱ्यांची किंमतही आहे.

येथे विषय गंभीर होतो. ‘बनवाबनवी’तील चौघांपैकी सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, सुधीर जोशी २००५ साली गेले, सबनीस त्याआधीच, २००२ साली. आता यंत्राच्या साहाय्याने गेलेल्या नटाचा चेहरा आणि आवाज पुन्हा पडद्यावर उभा करता येऊ लागला आहे. प्रेक्षकांच्या प्रेमापोटी हे करावे, असे म्हणणारे आहेत. त्यांचे प्रेम आम्ही खोटे मानीत नाही. पण नटाचा विनोद केवळ त्याच्या चेहऱ्यात नसतो. ऐन वेळी काय करावे आणि काय करू नये, हे तो स्वतः ठरवितो, त्या ठरविण्यात असतो. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडून काम करून घेणे याला अभिनय म्हणता येणार नाही.

मग करावे काय? आमचे उत्तर तिहेरी आहे. जुन्या चित्रपटाची मूळ प्रत सांभाळावी, तिची दुरुस्ती करावी आणि ती मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवावी. मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रपट नष्ट झाले. आमच्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची जी रिळे उरली आहेत ती १९१३ची की नंतर पुन्हा चित्रित केलेली, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. त्या हानीपासून धडा घ्यावा. दुसरे, त्या पात्रांना आणि त्या नावांना हात लावू नये. आणि तिसरे, दिग्दर्शकाने परतावेच, पण अडचणीकडे परतावे. एकट्या मुलीला, परजातीच्या माणसाला, परधर्मीयाला शहरात आजही भाड्याची जागा सहज मिळत नाही. घरमालकाचे प्रश्न बदलले आहेत. जागा शोधणाऱ्याला करावी लागणारी सोंगे संपलेली नाहीत. त्यावर कोणी नवा विनोदी चित्रपट लिहिला, तर सबनीसांचा वारसा त्याच्याकडे गेला असे आम्ही समजू, मग त्याचे नाव काहीही असो.

जुन्या वाड्यास चुना लावावा आणि नवे दालन शेजारी बांधावे. दोन्ही कामांना गवंडी लागतात, आणि दोन्ही घरांत माणसे हसती राहिली पाहिजेत.