गोळ्यांच्या पाकिटांतील अवकाशयात्रा

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी, सनदा अशा भारदस्त वस्तु आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. मिठाईच्या पाकिटांतून मुलांच्या हातीं पडणारें, तळहातावर मावणारें एक चित्र त्या पंक्तीला बसविण्यास सहसा कोणी तयार होणार नाहीं. तथापि दूरचित्रवाणीचा, आणि विशेषतः तिच्यावरील अवकाशकथांचा, इतिहास लिहावयाचा झाल्यास ह्या चित्रकार्डांना वगळून चालत नाहीं. तीं काय कामाचीं होतीं, आणि तें काम संपल्यावर त्यांचें काय झालें, ह्याचा थोडक्यांत विचार आज करावयाचा आहे.

ह्या कार्डांचें कुळ तंबाखूच्या व्यापारांत सांपडतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटांतून विकल्या जात. त्या चेंगरूं नयेत म्हणून आंत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. हा तुकडा कोरा कां ठेवावा, असा व्यापारी विचार करून रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर ह्या कंपनीनें १८८० नंतरच्या दशकांत त्यावर नट्या, खेळाडू, पक्षी, निशाणें ह्यांचीं रंगीत चित्रें छापलीं. इंग्लंडांत विल्स कंपनीनें तोच कित्ता गिरविला. पुढें चित्राला क्रमांक, पाठीमागें चार ओळींची माहिती, आणि पुष्कळदां पन्नास चित्रांचा एक संच, अशी रीत पडली. अपुरा संच पुरा करण्याची ओढ मनुष्यस्वभावांतच आहे. बाप सिगारेट ओढी आणि मुलगा चित्र मागे. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, कागदाच्या टंचाईमुळें इंग्लंडांत हीं चित्रें बंद पडलीं. पुढें १९२२ सालीं तीं पुन्हां सुरू झालीं, आणि १९४० सालीं दुसऱ्या महायुद्धानें त्यांचा जवळजवळ शेवटच केला.

त्यानंतर तंबाखूची जागा मिठाईनें घेतली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत १९३८ सालीं स्थापन झालेली टॉप्स कंपनी बबलगमबरोबर कार्डें देऊं लागली. प्रथम बेसबॉलपटूंचा मान होता; परंतु १९५७ सालीं स्पुटनिक आकाशांत गेला, १९६१ सालीं गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला, आणि मुलांचे डोळे वर लागले. १९६२ सालीं टॉप्सनें मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीचा ५५ कार्डांचा संच काढला. नॉर्मन साँडर्स ह्या चित्रकारानें रंगविलेले त्यांतील संहाराचे प्रसंग इतके भडक होते कीं पालकांच्या तक्रारी आल्या, आणि त्यांची विक्री थांबवावी लागली. अवकाशाची गोडी कार्डांना किती मानवते, हें मात्र व्यापाऱ्यांना कळून चुकलें.

आतां दूरचित्रवाणीकडे वळूं. तिच्या त्या काळाची एक गोष्ट आज ध्यानांत येणें कठीण जातें. आपण हें भाषण ऐकतां आणि तें हवेंत विरून जातें. तशीच त्या वेळीं पडद्यावरील कथा एकदां दिसली कीं संपली. ती पुन्हां लावून पाहण्याचें साधन सामान्य घरांत नव्हतें. शनिवारीं पाहिलेल्या प्रसंगाविषयीं सोमवारीं शाळेंत बोलावयाचें, तर आधार केवळ आठवणीचा. ह्या आठवणीला हातांत धरण्याजोगें रूप कार्डांनीं दिलें.

बी. बी. सी.नें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तींत डॅलेक हे यंत्रकवचांत राहणारे क्रूर जीव अवतरले. लेखक टेरी नेशन ह्यांची ती कल्पना, आणि तिला आकार दिला रेमंड क्यूसिक ह्या कलाकारानें. मुलांना त्यांनीं असें वेड लावलें कीं १९६४ सालीं कॅडेट कंपनीनें साखरेच्या सिगारेटींच्या पाकिटांतून डॉक्टर आणि डॅलेक ह्यांच्यावर ५० कार्डांचा संच काढला. १९६७ सालीं वॉल्स कंपनीच्या आइसफ्रूटबरोबर ३६ कार्डें मिळत. हीं चित्रें पडद्यावरून घेतलेलीं नव्हतीं. चित्रकारांनीं तीं काढलेलीं होतीं, आणि कथानकही निराळें होतें. पण मालिका त्या वेळीं काळ्यापांढऱ्या रंगांत दिसत असे, आणि कार्डें रंगीत होतीं. पडद्यावर करडा दिसणारा डॅलेक मुलांना रंगांत पाहावयास मिळाला तो ह्या कागदावर.

पुढें जें घडलें त्यामुळें ह्या क्षुल्लक कागदांना निराळेंच महत्त्व आलें. ध्वनिचित्रफिती महाग होत्या. नटांशीं व लेखकांशीं झालेल्या करारांमुळें पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर जुन्या भागांना गिऱ्हाईक उरलें नाहीं. म्हणून १९६७ पासून १९७८ पर्यंत बी. बी. सी.नें अनेक फिती पुसून पुन्हां वापरल्या, आणि परदेशीं विकण्यासाठीं काढलेल्या प्रतीही नष्ट केल्या. पहिल्या सहा वर्षांतील २५३ भागांपैकीं सुमारें शंभर भाग अशा रीतीनें नाहींसे झाले. कोणा दुष्टानें केलेला हा विध्वंस नव्हे. कचेरींतील काटकसरीनें तो केला. त्या भागांचे आवाज वांचले ते घरीं बसून ते ध्वनिफितीवर उतरवून घेणाऱ्या प्रेक्षकांमुळें. आणि कांहीं दृश्यें वांचलीं तीं जॉन क्यूरा ह्या छायाचित्रकारामुळें, जो पडद्यावरील चित्रांचे फोटो काढून ते कार्यक्रमांच्या निर्मात्यांना विकीत असे. संस्थेनें जें टाकलें, तें एकट्यादुकट्या माणसांनीं राखलें.

अमेरिकेंत 'स्टार ट्रेक'ची कथा कांहींशी उलट घडली. जीन रॉडनबेरी ह्यांची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजीं सुरू झाली आणि ७९ भाग होऊन १९६९ सालीं, प्रेक्षक पुरेसे नाहींत म्हणून, बंद पडली. १९६७ सालीं शिकागोच्या लीफ कंपनीनें तिच्यावर ७२ कार्डें काढलीं. येथें पडदा रंगीत, तर कार्डें काळींपांढरीं! इंग्लंडांत १९६९ सालीं ए अँड बी सी कंपनीनें एकाच भागाची कथा ५५ कार्डांत सांगितली. पुन्हां पाहतां न येणारा भाग मुलांनीं जणूं पत्त्यापत्त्यानें जुळवून वाचावा, अशीच ती योजना होती. मालिका बंद झाल्यावर स्थानिक केंद्रांवरून तिचीं पुनःप्रक्षेपणें होऊं लागलीं आणि तिचा चाहतावर्ग वाढत गेला. १९७६ सालीं टॉप्सनें ८८ कार्डें आणि २२ चिकटचित्रें ह्यांचा संच काढला, तेव्हां मालिका संपून सात वर्षें झालीं होतीं. त्याच वर्षीं, १७ सप्टेंबर रोजीं, अमेरिकेच्या अवकाशसंस्थेनें आपलें पहिलें शटल यान जगापुढें आणलें, आणि चाहत्यांच्या असंख्य पत्रांमुळें त्याला मालिकेंतील यानाचें, म्हणजे 'एंटरप्राइझ' हें, नांव द्यावें लागलें. आपल्याकडेही १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवरून ही मालिका दाखविली गेली.

१९७५ च्या पुढें घरगुती व्हिडिओ आला. गेलेला भाग हवा तेव्हां लावून पाहतां येऊं लागला, आणि कार्डाचें मूळ काम संपलें. तरीही कार्डें संपलीं नाहींत. त्यांचा धर्म बदलला. १९९१ सालीं 'स्टार ट्रेक'च्या पंचविसाव्या वर्षानिमित्त इंपेल कंपनीनें नवे संच काढले. १९९४ सालीं डेसिफर कंपनीनें 'स्टार ट्रेक'च्या विश्वावर पत्त्यांचा खेळ रचला. पुढें नटाची सही असलेलें कार्ड, वेषांतील कापडाचा तुकडा चिकटविलेलें कार्ड, मोजक्याच प्रती छापून प्रत्येकीवर अनुक्रमांक घातलेलें कार्ड, असे प्रकार निघाले. पूर्वीं दुर्मिळता अपघातानें येई. टॉप्सनें १९५२ सालच्या न खपलेल्या बेसबॉल कार्डांचे ढीग १९६० सालीं अटलांटिक महासागरांत बुडविले, असें त्या कंपनीच्याच साय बर्गर ह्यांनीं सांगितलें आहे. त्याच संचांतील मिकी मँटल ह्या खेळाडूचें एक कार्ड २०२२ सालीं १ कोटि २६ लक्ष डॉलरांस विकलें गेलें. ती टंचाई कोणी ठरवून आणलेली नव्हती. आतां दुर्मिळता कारखान्यांतच तयार होते. आणि पुष्कळ कार्डें तर पाकिटांतून निघतांच प्लॅस्टिकच्या वेष्टनांत बंद होतात.

संग्रह करावा कशासाठीं, हा प्रश्न येथें उभा राहतो. सिराक्यूज येथें विजेच्या सामानाच्या कारखान्यांत काम करणारे जेफर्सन बर्डिक ह्यांचें उदाहरण ह्या दृष्टीनें बोलकें आहे. ते श्रीमंत नव्हते, आणि संधिवातानें त्यांचे हात आखडले होते. कार्डांची पहिली व्यवस्थित सूचि त्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत तयार केली, आणि १९४७ पासून आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देण्यास आरंभ केला. तीन लाखांहून अधिक छापील चित्रें त्यांनीं स्वतः पुस्तकांत चिकटविलीं. तें काम १९६३ च्या जानेवारींत पुरें झालें, आणि मार्चांत त्यांचा अंत झाला. मोल वाढेल म्हणून त्यांनीं तीं जपलीं नाहींत. सामान्य माणसांच्या घरांत काय येत होतें व काय आवडत होतें ह्याची ती नोंद आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आपल्याकडेही मुलें काडेपेट्यांचे छाप, बबलगमबरोबरचीं क्रिकेटपटूंचीं चित्रें जमवीत आलीं आहेत, आणि दिवाळीच्या आवराआवरींत त्यांचे डबे रद्दींत जात आले आहेत. सगळेंच राखून ठेवणें कोणत्याही घराला शक्य नाहीं. पण डबा बाहेर टाकण्यापूर्वीं एकदां तो मुलाबरोबर बसून उघडून पाहावा, आणि कोणतें चित्र कोठून आलें हें त्याच्याच तोंडून ऐकून मागें लिहून ठेवावें. बाजारांत त्याला कांहीं किंमत येईल कीं नाहीं, हा विचार दुय्यम आहे.