परीक्षकाचें मत आणि प्रबंधाची मान्यता

घरांतील मुलाचा किंवा मुलीचा प्रबंध डॉक्टरेटसाठीं विद्यापीठाकडे गेला, म्हणजे तो परीक्षकांना पटेल कीं नाहीं, या चिंतेनें सारें कुटुंब व्याकुळ होतें. परंतु प्रबंध पटणें आणि प्रबंध मान्य होणें या दोन भिन्न गोष्टी होत, अशी साक्ष इतिहास देतो.

डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधच पाहावा. प्रा. एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखालीं सिद्ध झालेला हा प्रबंध १९२२ सालीं लंडन विद्यापीठास सादर झाला. हिंदुस्थानांतील सुवर्ण-विनिमय पद्धतीचा पुरस्कार केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञानें १९१३ सालच्या ग्रंथांत केला होता; आंबेडकरांनीं नेमका तिच्यावरच हल्ला चढविला. रुपयाची क्रयशक्ति स्थिर राहावयाची तर चलन वाढविण्यास मर्यादा हवी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. परीक्षकांनीं प्रबंध पुन्हां लिहावयास सांगितला. जवळचा पैसा सरत आलेला; तेव्हां १९२३ सालीं ते मुंबईस परतले आणि सुधारलेला प्रबंध त्यांनीं येथूनच लंडनला धाडला. निष्कर्ष मात्र त्यांनीं बदलले नाहींत, असें चरित्रकार सांगतात. त्याच सालीं त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली.

पुढें ग्रंथ छापला गेला, त्याला प्रस्तावना कॅनन यांनींच लिहिली. लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपणांस मान्य नाहींत, असें त्यांनीं तींत स्वच्छ म्हटलें. आणि जेथें तो चुकला असें वाटलें, तेथेंहि त्याच्या विचारांतील ताजेपणाची वाखाणणी केली. गुरूचें हें औदार्य आम्हांस पदवीइतकेंच मोलाचें वाटतें.

मान्यता म्हणजे निर्दोषत्वाची हमी, असेंहि नव्हे. आइन्स्टाइन यांचा रेणूंच्या आकारमानाविषयींचा प्रबंध झूरिक विद्यापीठानें १९०५ सालीं स्वीकारला. त्यांतील महत्त्वाचीं गणितें एका प्राध्यापकानें मुद्दाम तपासून बरोबर ठरविलीं होतीं; तरी त्यांत एक चूक राहिलीच, आणि ती दुरुस्त व्हावयास १९११ साल उजाडलें. पदवी मात्र त्यामुळें खोटी ठरली नाहीं.

मग परीक्षक पाहतो तरी काय? उमेदवारानें पूर्वींच्या अभ्यासकांचें लेखन वाचलें आहे काय? प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणें मांडली आहे काय? विधानामागें पुरावा आहे काय? आणि ज्ञानांत स्वतःची कांहीं भर घातली आहे काय? तोंडी परीक्षेंतील खोचक प्रश्नहि याच शोधासाठीं असतात. उमेदवारानें ते वैर मानूं नयेत. दुरुस्तीसाठीं परत आलेला प्रबंध म्हणजे पराभव नव्हे. जेथें पुरावा तोकडा असेल तेथें उमेदवारानें नमतें घ्यावें. जेथें तो भक्कम असेल तेथें मोठ्या नांवापुढेंहि आपलें मत सोडूं नये. परीक्षकानेंहि आपल्या मताची प्रतिध्वनि मागूं नये. दोघांनीं हें पाळलें, तरच त्या पदवीला अर्थ आहे.