जोड कुठे निसटतो? सेवाग्रामचा टेलिफोन, शिकागोचा पिनबॉल आणि चिपचे सॉकेट

आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारले की वर्धा जिल्ह्यात पिनबॉल कुठून आणला. बरोबर आहे. काचेखाली स्टीलची गोळी धावणारे ते यंत्र आपल्याकडे कधी पाहिले म्हणणारा माणूस विरळाच. म्हणून आपण सुरुवात आपल्या घरातूनच करू.

सेवाग्राम आश्रमात बापूंचे दफ्तर आहे. तिथे साप पकडून ठेवण्याचा लाकडी पिंजरा आहे, आणि एक टेलिफोन आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून सरकारने बसवलेला. पाहणारे बहुतेक सापाच्या पिंजऱ्यापाशी जास्त रेंगाळतात. आपण टेलिफोनपाशी थांबू. ज्या गावाची टपाले शेगावला जात, आणि त्या घोटाळ्यामुळे १९४० साली ज्याचे सेगावचे सेवाग्राम झाले, त्या गावात दिल्लीहून तार येते म्हणजे काय होते? शेकडो मैलांची तांब्याची तार, आणि वाटेत ठिकठिकाणी जोड. तार सहसा बिघडत नाही. बिघडतो तो जोड.

त्या काळच्या हाताने जोडणाऱ्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर खुंटीसारखा प्लग भोकात खुपसत असे. पुढे माणसाच्या जागी रिले आणि पायऱ्या चढणारे स्विच आले. रिले म्हणजे काय, तर विजेच्या चुंबकाने ओढली जाणारी पत्ती. ती दुसऱ्या पत्तीला टेकली की वाट जुळते. पत्ती टेकली पण जुळली नाही, की फोनमध्ये खरखर. मग पत्त्यांच्या मधून पातळ कागदाची पट्टी ओढून मळ काढायचा. सगळ्या जगातले एक्स्चेंज असेच जिवंत ठेवले गेले.

आता शिकागो. आपोआप चालणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रे जिथे बनत, त्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक कंपनीचे शहर हेच. आणि गॉटलिब, बॅली, विल्यम्स हे पिनबॉलचे तिन्ही मोठे कारखानेही ह्याच शहरात. हा योगायोग म्हणून सोडून देऊ नका. १९४७ साली गॉटलिबच्या हम्प्टी डम्प्टी या यंत्रात पहिल्यांदा फ्लिपर आले, म्हणजे खेळणाऱ्याच्या बोटाने हलणारे ते हात. त्या पेटीच्या पोटात काय होते? तेच रिले, त्याच पायऱ्या चढणारे स्विच. गुण मोजणारे चाक आणि टेलिफोनचा आकडा ओळखणारे चाक ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे. एका यंत्रावर हात बसलेला माणूस दुसऱ्यापाशी फारसा अडत नसे, कारण दोष डोळ्यांना दिसत असे. पत्ती काळी पडली, वाकली, झिजली.

१९७७ च्या सुमारास हे सगळे बदलले. तिन्ही कारखान्यांनी रिलेंच्या जागी चिपा बसवल्या. शेकडो पत्त्या गेल्या, देखभाल संपली असे वाटले. पण चिप बोर्डावर कायमची न डकवता सॉकेटमध्ये बसवली, म्हणजे बिघडली की उपटून दुसरी लावता येईल. विचार शहाणपणाचा होता. आता हिशेब करा: एका प्रोसेसरला ४० पाय. प्रत्येक पाय सॉकेटच्या एका चिमुकल्या चिमट्यात. म्हणजे एका चिपेत ४० जोड, आणि बोर्डावर अशा कितीतरी चिपा. पत्त्या गेल्या म्हणता म्हणता त्याहून जास्त जोड आत आले, आणि हे तर दिसतही नाहीत.

सोने गंजत नाही, पण महाग. १९८० च्या जानेवारीत सोन्याने औंसाला ८५० डॉलर गाठले. खेळाच्या यंत्रात सोन्याचा मुलामा कोण घालणार? कथिल चालले. कथिलावर हवेने कठीण साय धरते. यंत्र तापते, निवते, गोळीच्या दणक्यांनी थरथरते. पाय चिमट्यात केसभर सरकतो, साय खरवडली जाते, नवी साय धरते, आणि तो भुगा तिथेच साचतो. चाळीस वर्षांनी काय होते? यंत्र सुरूच होत नाही. किंवा त्याहून वाईट, अर्धवट सुरू होते आणि एखादे कॉइल अडकून जळते. विल्यम्सच्या त्या काळातल्या यंत्रांत दोन बोर्डांना सांधणारा ४० पिनांचा जोड याबाबतीत बदनाम आहे. तपकिरी रंगाची स्कॅनबी सॉकेटे तर दुरुस्तीवाले तपासत बसत नाहीत, सरळ बदलतात.

दुरुस्तीचा पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो: चिप अंगठ्याने दाबा. यंत्र चालू लागते. साय जरा खरवडली गेली, एवढेच. काही दिवसांनी पुन्हा तेच. दुसरा उपाय पॉलिश पेपर, आणि तो आम्हाला मुळीच पसंत नाही. मळाबरोबर मुलामाही जातो, खालचे पितळ उघडे पडते, आणि पुढच्या पावसाळ्यात ते हिरवे होते. बोर्डाच्या कडेला बसणाऱ्या जोडाचे सोनेरी पट्टे पांढऱ्या खोडरबराने हलके पुसावेत, भुगा ब्रशने झाडावा, इथवर ठीक. चिमटाच सैल झाला असेल तर पुसून तो घट्ट होत नाही. तो बदलायचा.

आणि बदलताना दोन्ही बाजू बदलायच्या. दिव्यांना वीज नेणाऱ्या जोडाची करपलेली टोपी काढून नवी घालतात, पण बोर्डावरची काळवंडलेली पिन तशीच ठेवतात. खराब पिनेला अडथळा जास्त, म्हणून ती तापते. तापली की नवी टोपीही करपते. वर्षभरात माणूस पुन्हा तिथेच.

सॉकेट काढणे हे तर शस्त्रक्रियेचे काम. अख्खे उपटायला गेलात की बोर्डावरची तांब्याची पट्टी सालीसारखी निघून येते. आधी प्लास्टिक कापून वेगळे करायचे, मग एकेक पाय तापवून सावकाश ओढायचा. भोक साफ करायचे. नवे सॉकेट बसले की मीटर लावून चाळीसही वाटा मोजायच्या. कंटाळवाणे आहे. पण ती चिप आज कारखान्यात बनत नसेल आणि बोर्ड तर नाहीच नाही, तेव्हा घाई परवडत नाही.

हे आपल्याला लांबचे वाटायला नको. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि १९८६ मध्ये तिचे खेड्यांसाठीचे १२८ पोर्टांचे एक्स्चेंज कर्नाटकात कित्तूरला चालू झाले. परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. हे बिनाएसीचे, धूळ आणि उकाडा गृहीत धरून बनवलेले. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना उकाडा म्हणजे काय हे सांगायला नको. ४५ अंशांचा उन्हाळा आणि लगेच ओली हवा, हेच तर जोडाला मारते. ह्या यंत्रातही चिपा होत्या, खाचेत सरकवायची कार्डे होती, आणि कार्ड काढून पुन्हा बसवणे हा पहिला उपाय होता. फरक एवढाच की इथे जोड निसटला तर खेळ थांबत नव्हता. दवाखान्याला लागणारा गावातला एकमेव फोन मुका होत होता.

आता मगनवाडीकडे या. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी मगन संग्रहालय उघडले ते मगनलाल गांधींच्या नावाने, ग्रामोद्योगाची अवजारे लोकांनी पाहावीत म्हणून. त्याआधी १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. किंमत १५० रुपयांच्या आत, यंत्र नीट निगा राखल्यास वीस वर्षे चालावे, या अटी लोकांना आठवतात. आम्हाला त्यातली दुसरीच अट महत्त्वाची वाटते: दरवर्षी बदलायच्या भागांचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे साडेसात रुपये. यंत्र विकण्याआधीच त्याच्या झिजेचा हिशेब मागणारा ग्राहक. चिपेच्या सॉकेटाला असा प्रश्न १९७७ साली कोणी विचारला असता तर? कथिलाचे सॉकेट बहुधा त्या अटीत बसलेही असते, पहिली दहा वर्षे.

एक प्रश्न उरतो, आणि त्यावर संग्राहकांत भांडणे होतात. मूळ सॉकेट, मूळ जोड काढून टाकले तर यंत्र जुने राहिले का? दफ्तरातला टेलिफोन वाजायची गरज नाही, त्याला हात न लावलेलाच बरा. पिनबॉल मात्र न चालणारा म्हणजे नुसती रंगवलेली पेटी. आमचे मत बदलण्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. काढलेले सॉकेट, करपलेली टोपी कचऱ्यात टाकू नका. लहान पिशवीत घाला, कोणत्या चिपेखालचे आणि कोणत्या तारखेला काढले ते चिठ्ठीवर लिहा, आणि ती पिशवी त्याच पेटीच्या तळाशी बांधून ठेवा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. दमट हवेत शाई पसरते.