इति सिद्धम् : एका संगणकशास्त्रज्ञाचा व्यासंग

शाळेंत भूमितीचा सिद्धांत सोडवून झाल्यावर शेवटीं ‘इति सिद्धम्’ हीं दोन पदें लिहितांना जें समाधान होई, त्याचा अनुभव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस असेलच. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हें शंभर त्रिकोण मोजून ठरत नाहीं. एकदां उपपत्ति दिली कीं न मोजलेल्या त्रिकोणांविषयींही निश्चिंत होतां येतें. संगणकास दिलेल्या आज्ञावलीविषयीं अशी खात्री कधीं देतां येईल काय, हा प्रश्न एका प्राध्यापकांनीं आपल्या साऱ्या अध्यापकीय आयुष्याचा विषय केला. त्यांची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. १९४९ च्या जून महिन्यांत केंब्रिज येथें भरलेल्या परिषदेंत ॲलन ट्युरिंग यांनीं एक छोटा निबंध सादर केला. मोठी बेरीज तपासावयाची असतां नुसतें उत्तर पुढें ठेवलें, तर तपासणाऱ्यास सर्व खटाटोप पुनः करावा लागतो; परंतु मधले हातचे टिपून ठेवले असले तर एकेक स्तंभ निराळा तपासतां येतो, असा दाखला त्यांनीं दिला. आपल्याकडील दुकानदार वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशीं आलेली बेरीज पुढील पानावर ओढतो, त्यांतील मर्मही हेंच. एकेक पान बरोबर ठरलें कीं सारी वही बरोबर ठरते. पण ट्युरिंग यांचा निबंध पुढें बरीच वर्षें विस्मृतींत पडला, आणि तीच वाट इतरांस नव्यानें शोधावी लागली.

त्या इतरांतील अग्रणी म्हणजे चार्ल्स अँटनी रिचर्ड होअर. त्यांचा जन्म १९३४ सालीं कोलंबो येथें झाला. ऑक्सफर्ड येथें त्यांनीं अभ्यासिलें तें गणित नव्हे; लॅटिन, ग्रीक व तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय होते. पुढें नौदलांत असतां ते रशियन शिकले, आणि १९५९ सालीं मॉस्को विद्यापीठांत गेले. रशियन वाक्यांचें भाषांतर यंत्राकडून करविण्याचा विचार करितांना त्यांस एक अडचण आली. कोश चुंबकीय फितीवर वर्णानुक्रमानें नोंदलेला असे. म्हणून वाक्यांतील शब्द आधीं त्याच क्रमानें लावून घेणें अवश्य होतें. यासाठीं त्यांनीं जी युक्ति काढली तीच ‘क्विकसॉर्ट’ या नांवानें जगभर प्रसिद्ध झाली. एक शब्द निवडावा, त्याच्या अलीकडचे शब्द एका बाजूस व पलीकडचे दुसऱ्या बाजूस करावे, आणि प्रत्येक भागास पुनः तोच न्याय लावावा, अशी ही सुटसुटीत रीत आहे.

१९६० सालीं ते एलियट ब्रदर्स या इंग्रज संगणक-कंपनींत लागले. तेथें प्रथम यश आलें, मागाहून मोठें अपयश. एलियट ५०३ या यंत्रासाठीं जी नवी आज्ञा-सामग्री गिऱ्हाइकांस कबूल केली होती, ती वेळेवर तयार झाली नाहीं, आणि जी झाली ती इतकी मंद निघाली कीं सारें काम सोडून द्यावें लागलें. एका माणसाच्या तीस वर्षांहून अधिक भरेल एवढी मेहनत फुकट गेली. ही गोष्ट दुसऱ्या कोणीं उकरून काढलेली नाहीं. १९८० सालचें ट्युरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या व्याख्यानांत होअर यांनीं ती स्वतःच, आपल्याकडे दोष घेऊन, सांगितली आहे.

१९६८ सालीं ते बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठांत प्राध्यापक झाले. रॉबर्ट फ्लॉइड या अमेरिकन पंडितांनीं १९६७ सालीं आज्ञावलीच्या आकृतींत जागोजाग विधानें लिहून तिची सिद्धता देण्याची पद्धति मांडली होती. तिच्या आधारें होअर यांनीं १९६९ च्या ऑक्टोबरांत आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रत्येक आज्ञेच्या आधीं एक विधान लिहावें व नंतर एक लिहावें. पहिलें खरें असतां आज्ञा पुरी झाल्यावर दुसरें खरें ठरलेंच पाहिजे. हीच अट आणि हेंच वचन. कोणत्या आज्ञेस कोणता नियम, हें त्यांनीं भूमितींतील गृहीतांप्रमाणें नेमून दिलें. बेलफास्ट शहर दंगलींनीं पेटलेलें असतां हे अध्यापक शांतपणें असल्या सिद्धता लिहीत होते. १९७१ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्याबरोबर आपल्याच क्विकसॉर्टची सिद्धता दिली. म्हणजे दहा वर्षांपूर्वींच्या आपल्या कामाचीही त्यांनीं परीक्षा घेतली.

त्यांच्या विषयनिवडीमागें एक विलक्षण हिशेब होता. आपण १९९९ सालीं निवृत्त होऊं, आणि तोंपर्यंत या शास्त्राचा उद्योगधंद्यांत फारसा उपयोग होणार नाहीं, हें त्यांनीं आरंभींच ताडलें होतें. अशा दूरच्या फळासाठीं झटणें हेंच विद्यापीठाचें काम, असें त्यांस वाटे. १९७७ सालीं ते ऑक्सफर्डला आले व निवृत्तीपर्यंत तेथेंच राहिले.

परंतु १९९६ सालीं त्यांनीं एक निबंध लिहिला, त्याचा प्रश्नच मोठा प्रामाणिक होता : सिद्धतेवांचून आज्ञावली इतक्या भरंवशाच्या झाल्या कशा? शिस्तीची देखरेख, कसून चाचणी आणि चुकी झाल्यास सांवरून घेण्याची आगाऊ तजवीज यांनीं पुष्कळ काम भागलें, अशी त्यांनीं कबुली दिली. आपल्या पक्षाचें भाकित पुरतें खरें ठरलें नाहीं, असें उघड म्हणणारे पंडित किती आढळतात?

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं ४ जून रोजीं युरोपचें एरियान ५ हें अग्निबाण उड्डाणानंतर सुमारें ४० सेकंदांत नष्ट झालें. एरियान ४ साठीं लिहिलेली आज्ञावली तशीच नव्या बाणांत घातली होती. जुन्या बाणाच्या वेगांत एक संख्या ठराविक मर्यादेंत राहत असे. नव्याच्या वेगांत ती मावेना. म्हणजे होअर यांच्या भाषेंत, आज्ञेची पूर्वअट नव्या ठिकाणीं खरी उरली नव्हती, आणि ती तपासून पाहावी असें कोणास सुचलें नाहीं.

१९९९ सालीं ठरल्याप्रमाणें निवृत्त होऊन ते केंब्रिज येथें मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंत गेले. तेथें त्यांस आढळलें कीं, आज्ञावलींत विधानें लिहिण्याचा प्रघात तर पडला आहे, पण सिद्धतेसाठीं नव्हे, चुका हुडकण्यासाठीं. मग १० वर्षांनीं, २००९ सालीं, ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं एसईएल-४ या यंत्रव्यवस्थेच्या गाभ्याची संपूर्ण सिद्धता यंत्राकडून तपासून घेतली. आज्ञावली सुमारें ८,७०० ओळींची, तर सिद्धता सुमारें २,००,००० ओळींची! खात्री मिळते, पण तिची किंमत मोजावी लागते.

आमच्या मतें या चरित्रांतील घेण्यासारखी गोष्ट केवळ बुद्धि नव्हे. आपल्या हयातींतील नोकरींत फळ येणार नाहीं हें जाणून झाड लावणें, आणि तें अपेक्षेप्रमाणें वाढलें नाहीं तर तसें जगास सांगणें, हे दोन गुण एका ठिकाणीं क्वचित् दिसतात. आज आपला पैसा, प्रवास आणि रुग्णशय्येजवळचें यंत्र, सारें आज्ञावलींच्या भरंवशावर चालतें. तेथें ‘बहुधा बरोबर’ एवढ्यावर किती दिवस समाधान मानावयाचें, हा प्रश्न प्राध्यापकांपुरता राहिलेला नाहीं.