आउटबोर्ड मोटर : बिघाड व जुळणी

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले, काढता येणारे इंजिन. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ते बाजारात आणले. कोकणातल्या लहान मासेमारी होड्यांवरही ते दिसते. चालू मोटरीतून तिला थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार पडत राहते. ती आटली, तर मोटर तत्काळ बंद करावी. कधी धारेचे भोकच मिठाने किंवा वाळूने चोंदते, ते तारेने मोकळे होते; एरवी बहुधा हे पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा झिजलेला असतो, तो बदलावाच लागतो. धावताना नाळ (होडीचे पुढचे टोक) वर उचलून होडी आपटू लागली, तर मोटरीचा खालचा भाग फळीकडे घ्यावा. नाळ पाण्यात खुपसू लागली, तर बाहेर झुकवावा. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर मोटर गोड्या पाण्याने आतून धुणे अत्यावश्यक आहे.