भरड माशांचा कालवा

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उसाचा फड नि पाण्याची पाळी येते. आज सांगणार आहे त्या कालव्याचा हेतू निराळा होता. इंग्लंडातला ब्रिजवॉटर कालवा खणला तो कोळसा वाहण्यासाठी. वर्स्ली गावी ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या खाणी होत्या. तेथून जेम्स ब्रिंडली या हिकमती माणसाने पाणी मँचेस्टरच्या दिशेने नेले. वाटेत अर्वेल नदी आडवी आली, तर तिच्यावर पूल बांधून त्यावरून होड्या नेल्या! १७६१ साली तो पूल खुला झाला. मँचेस्टरात कोळशाचा भाव पुढे निम्म्यावर आला. खुद्द खाणीच्या पोटातही कालांतराने सुमारे ४६ मैल कालवे झाले. तिथल्या लोहयुक्त पाण्याने वर्स्लीचा कालवा नारिंगी दिसे.

काठाने घोडा चाले, दोराने होडी ओढी. पाणी संथ. अशा पाण्यात रोच, ब्रीम, पर्च, टेंच हे मासे रमतात. सॅमन-ट्राउटच्या जातीचे मासे सोडून गोड्या पाण्यातल्या बाकीच्यांना इंग्रज लोक ‘कोर्स’ म्हणतात, म्हणजे भरड. आपण नाही का ज्वारी-बाजरीला भरड धान्य म्हणून मोकळे होतो, तसेच! हे नाव माशावरून पडले की तो धरणाऱ्यावरून, अशी मला आपली शंका येते. कारण सॅमनच्या चांगल्या नद्या बहुधा जमीनदारांच्या ताब्यात. गिरणीतल्या आणि खाणीतल्या माणसाला परवडे ते कालव्याचे पाणी. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील बायका व पोरांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. त्यांच्यावाचून यंत्रे चालवणे अवघड, म्हणून पुष्कळ ठिकाणी पुरुषही सुटत. मग काठी, गळ, डबीत गांडुळे, की निघाले. गुत्त्यागुत्त्यांतून त्यांची मंडळे निघाली, पैजा लागू लागल्या.

पार्लमेंटने सॅमनच्या रक्षणाचा कायदा १८६१ सालीच केला होता. भरड माशाला वाली मिळायला १८७८ उजाडले. शेफील्डचे प्रतिनिधी मुंडेला यांच्या नावाने तो कायदा ओळखला जातो. १५ मार्च ते १५ जून, म्हणजे विणीच्या दिवसांत, गळ टाकायला बंदी! आणि गंमत अशी, की ही बंदी हवी म्हणणाऱ्यांत शेफील्डचे गळकरीच पुढे होते. आठवड्याची एकुलती एक मौज, तीही तीन महिने स्वतःहून सोडायची!

बहुतेक कालव्यांवरची ही बंदी २००० साली उठली; नद्यांवरची मात्र ठेवली गेली. तोवर रीतही पालटली होती. दिवसभर धरलेले मासे पाण्यातल्या जाळीत ठेवायचे, संध्याकाळी तोलायचे आणि पुन्हा कालव्यात सोडून द्यायचे. आमच्याकडचा भोई हे ऐकून कपाळाला हात लावील!